तीन वर्षांची वॉरंटी, पण कोणाची किती? मारुती आणि ह्युंदाई, आपल्या रस्त्यावर मोजून

ज्यांना कानात ऐकायला वेळ नाही, किंवा भामरागड-सिरोंच्याकडे नेटवर्क आलं की आधी वाचून घेतात, त्यांच्यासाठी ही या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना जे "म्हणजे", "बघा ना" खूप झालं होतं, ते थोडं कमी केलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. गडचिरोलीत राहणारा एक श्रोता, नोकरी चंद्रपूरला. पहिलीच गाडी घेतोय. हातात दोन कोटेशन आहेत, एक मारुतीचं, एक ह्युंदाईचं. किंमत जवळपास सारखी, हप्ताही सारखाच. दोन्ही शोरूममध्ये त्याला एकच वाक्य ऐकायला मिळालं: "सर, तीन वर्षांची वॉरंटी आहे, टेन्शनच नाही." त्याचा प्रश्न असा की दोघांची तीन वर्षं म्हणजे सारखंच ना जी?

नाही. सारखं नाही. आणि फरक किती पडतो, हे गाडीपेक्षा तुम्ही कुठे राहता आणि रोज किती चालवता यावर ठरतं. पुण्यातल्या माणसाने केलेला तुलनेचा व्हिडिओ आपल्याला अर्धाच उपयोगी पडतो, कारण त्याच्या घरापासून वर्कशॉप चार किलोमीटरवर असतं. आपल्याकडे चार किलोमीटरवर जंगल असतं.

आधी एक गोष्ट साफ करू

शोरूममध्ये तीन शब्द एकाच श्वासात सांगतात आणि आपण तिन्ही एकच समजतो. वॉरंटी, विमा आणि फ्री सर्विस.

फ्री सर्विस म्हणजे मजुरी फुकट. ऑइल, फिल्टर यांचे पैसे तुमचेच. विमा म्हणजे बाहेरून काही झालं तर भरपाई: धडक, चोरी, पूर, आग. आणि वॉरंटी म्हणजे फक्त एवढंच वचन: गाडी बनवताना एखाद्या भागात दोष राहिला असेल, माल खराब लागला असेल किंवा जोडणी चुकली असेल, तर तो भाग कंपनी फुकट दुरुस्त करेल किंवा बदलून देईल.

"तो भाग" हे दोन शब्द लक्षात ठेवा. पूर्ण गाडी नाही. मारुतीच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितलं: वॉरंटीच्या अटीत भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची जबाबदारी लिहिली असेल, तर त्या अटीच्या जोरावर अख्खी नवी गाडी मागता येत नाही. म्हणून "वॉरंटी आहे ना, गाडीच बदलून मागू" हे चहाच्या टपरीवर ठीक आहे, कागदावर नाही.

दोन कंपन्यांचा कागद काय म्हणतो

आता मारुती. बरीच वर्षं मारुतीची मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर होती. ९ जुलै २०२४ पासून दिलेल्या गाड्यांना ती ३ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर झाली. त्यात इंजिन, ट्रान्समिशन, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल भाग आणि एसी धरलेला आहे. चंद्रपूरचा मे महिना ज्याने काढलाय, त्याला एसी यादीत असणं किती महत्त्वाचं आहे हे सांगायला नको.

"किंवा" या शब्दाकडे बघा. याचा अर्थ यातलं जे आधी पूर्ण होईल ते. तीन वर्षं संपली नसली तरी लाख किलोमीटर झाले की वॉरंटी संपली.

आता ह्युंदाई. ह्युंदाईच्या खासगी वापराच्या गाड्यांना ३ वर्षं आणि किलोमीटरची मर्यादा नाही, असा पर्याय आहे. तीन वर्षांत दीड लाख चालवा, दोन लाख चालवा, घड्याळ फक्त कॅलेंडरचं. शिवाय क्रेटा आणि व्हेन्यूसारख्या मॉडेलांसोबत कंपनीने 'वंडर वॉरंटी' नावाने तीन पर्याय आणले: ३ वर्षं अमर्याद किलोमीटर, ४ वर्षं किंवा ६०,००० किलोमीटर, ५ वर्षं किंवा ५०,००० किलोमीटर. म्हणजे किलोमीटर कमी घ्या, वर्षं जास्त घ्या. तुम्ही घेताय त्या मॉडेलला आज यातले कुठले पर्याय चालू आहेत, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. शोरूममधलं तोंडी बोलणं तीन वर्षांनी कोणाला आठवत नाही.

एक इशारा. हे सगळं पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीबद्दल. गाडी टॅक्सी म्हणून, पिवळ्या पाटीवर घेणार असाल तर अटी वेगळ्या असतात. त्याचा वेगळा कागद मागा आणि तोच वाचा.

आता हे आपल्या रस्त्यावर मोजू

तीन वर्षं म्हणजे १,०९५ दिवस. लाख किलोमीटरला त्याने भागा. रोजचे साधारण ९१ किलोमीटर येतात. हा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, सगळी तुलना यावर उभी आहे. तुमचं रोजचं सरासरी चालणं ९१ च्या खाली असेल, तर मारुतीची लाखाची मर्यादा तुम्हाला कधी लागणारच नाही. वर असेल तर लागेल.

तीन माणसं घेऊ.

पहिला, आपला श्रोता. गडचिरोली ते चंद्रपूर, मूल-सावलीवरून सुमारे ८० किलोमीटर. जाऊन-येऊन १६०. महिन्याचे २५ दिवस धरले तर ४,००० किलोमीटर. मारुतीचे लाख किलोमीटर त्याचे २५ महिन्यांत संपतात. तिसऱ्या वर्षातले जवळपास ११ महिने तो वॉरंटीशिवाय चालवणार. ह्युंदाईच्या अमर्याद पर्यायात तो पूर्ण ३६ महिने झाकलेला राहतो, तेव्हा मीटरवर १,४४,००० किलोमीटर असतील.

दुसरा, वरोऱ्याहून चंद्रपूरला येणारा. रोजचे सुमारे ९५ किलोमीटर, पण महिन्याला २५ दिवसच. म्हणजे महिन्याला २,३७५, तीन वर्षांत ८५,५००. लाखाच्या आत. याच्यासाठी दोन्ही वॉरंट्या जवळपास सारख्या. "अमर्याद" हा शब्द ऐकून याने एक रुपयाही जास्त देऊ नये.

तिसरी, कोरची किंवा मुलचेरा तालुक्यातली एखादी शिक्षिका. शाळा जवळच, महिन्यातून एखाद वेळा नागपूर. महिन्याला ७०० किलोमीटर धरू. वर्षाला ८,४००, पाच वर्षांत ४२,०००. हिला अमर्याद किलोमीटरचा काहीच फायदा नाही, कारण ती ते वापरणारच नाही. हिला हवीत वर्षं. ५ वर्षं किंवा ५०,००० किलोमीटरचा पर्याय मिळत असेल तर तो तिच्यासाठी सोन्यासारखा.

म्हणजे बघा, तोच कागद, तीच कंपनी, आणि तीन माणसांना तीन वेगळी उत्तरं. जास्त चालवणाऱ्याने किलोमीटर विकत घ्यावेत, कमी चालवणाऱ्याने वर्षं. उलटं केलं की पैसे पाण्यात.

वाढीव वॉरंटीचा गमतीशीर हिशोब

आता सेल्समन म्हणेल, "सर, लाखाची चिंता कशाला, एक्स्टेंडेड घ्या." मारुतीने जुलै २०२४ मध्येच वाढीव वॉरंटीचे तीन टप्पे जाहीर केले: चौथ्या वर्षापर्यंत किंवा १,२०,००० किलोमीटर, पाचव्या वर्षापर्यंत किंवा १,४०,००० किलोमीटर, आणि सहाव्या वर्षापर्यंत किंवा १,६०,००० किलोमीटर. नावंही भारी आहेत: प्लॅटिनम, रॉयल प्लॅटिनम, सॉलिटेअर.

हे आपल्या गडचिरोली-चंद्रपूरवाल्या श्रोत्याला लावून बघू. महिन्याला ४,००० किलोमीटर. १,२०,००० त्याचे ३० महिन्यांत होतात. १,४०,००० होतात ३५ महिन्यांत. म्हणजे ज्या पॅकेजवर "पाच वर्षं" लिहिलंय, ते याला तीन वर्षंसुद्धा पुरत नाही! पैसे भरून ३५ महिने, आणि समोरची कंपनी काही जास्तीचं न घेता ३६ महिने देते. सहा वर्षांचं पॅकेज घेतलं तर १,६०,००० पर्यंत, म्हणजे ४० महिने.

आता तेच सहा वर्षांचं पॅकेज आपल्या शिक्षिकेला लावा. सहा वर्षांत तिचे ५०,४०० किलोमीटर होतात. १,६०,००० च्या जवळपासही नाही. तिला खरंच पूर्ण सहा वर्षं मिळतात. तिच्यासाठी ते पैसे वाया नाहीत.

म्हणून पॅकेजचं नाव आणि वर्षं ऐकून सही करू नका. आधी आपला महिन्याचा आकडा काढा, पॅकेजच्या किलोमीटरला त्याने भागा, किती महिने येतात ते बघा. कॅल्क्युलेटर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. आणि वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यायची असते, त्यामुळे गाडी घेतल्याच्या दिवशी लगेच निर्णय घ्यायचा दबाव घेऊ नका. पण लाख किलोमीटर कधी होणार ते मात्र माहीत असू द्या.

अमर्याद म्हणजे बिनशर्त नव्हे

ह्युंदाईची बाजू घेतोय असं वाटत असेल तर थांबा. दुसरी बाजू पण आहे.

दोन्ही कंपन्यांत, सुरुवातीच्या सर्विसा झाल्या की साधारण दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला सर्विस असते, जे आधी येईल ते. आपला श्रोता वर्षाला ४८,००० किलोमीटर चालवतो. म्हणजे त्याची सर्विस वर्षातून एकदा नाही, दर अडीच महिन्यांनी! वर्षाला जवळपास पाच वेळा. आणि यातली एक जरी बरीच उशिरा केली किंवा सोडली, तर इंजिनमध्ये पुढे काही बिघडलं की पहिला प्रश्न तोच येतो: "सर्विस वेळेवर केली होती का?" किलोमीटर अमर्याद असतील, पण सर्विसच्या वहीतली रिकामी जागा वॉरंटी खाऊन टाकते.

इथे आपल्या जिल्ह्यांचा प्रश्न येतो. वॉरंटीचं काम कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच होतं. गडचिरोलीपासून आलापल्ली सुमारे ११५ किलोमीटर. आलापल्लीपासून भामरागड आणखी ६०-६५, सिरोंचा सुमारे १००. म्हणजे सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायलाच २०० किलोमीटरच्या वर जावं लागतं, चंद्रपूर किंवा नागपूर तर सोडूनच द्या. त्याच्यासाठी एक सर्विस म्हणजे एक पूर्ण दिवस, डिझेल-पेट्रोल, आणि भाग उपलब्ध नसला तर दुसरी खेप. "फुकट" दुरुस्तीचा हा खर्च कुठल्याच वॉरंटीत लिहिलेला नसतो.

म्हणून माझं मत: आष्टी, आलापल्ली, एटापल्लीच्या पलीकडे राहणाऱ्याने आधी वॉरंटीची वर्षं बघूच नयेत. आधी कंपनीच्या ॲपवर किंवा साइटवर जाऊन आपल्या गावापासून सगळ्यात जवळचं अधिकृत वर्कशॉप शोधावं. फक्त शोरूम नाही, वर्कशॉप. मग त्या वर्कशॉपला फोन करून तीन प्रश्न विचारावेत. वॉरंटीची कामं इथेच होतात की गाडी नागपूरला पाठवता? महिन्यातून एखादा दिवस तालुक्याला सर्विस व्हॅन किंवा कॅम्प येतो का? आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शहरातल्या माणसाला कधी लागत नाही. आपल्याला पहिल्या वर्षातच लागू शकतं. दोन कंपन्यांत ज्याचं वर्कशॉप ६० किलोमीटरने जवळ, त्याची वॉरंटी माझ्या हिशोबाने चांगली, मग कागद काहीही म्हणो.

जंगलच्या रस्त्यावर होतं ते बहुतेक वॉरंटीत नसतं

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. दोन्ही कंपन्यांच्या पुस्तिकेत "हे वॉरंटीत येत नाही" अशी यादी असते. ती वाचली की वाटतं, कोणीतरी आपला जिल्हा बघूनच लिहिली आहे.

पाणी. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. छोटे नाले तर मोजायचे किती! नाल्यातून गाडी काढताना इंजिनात पाणी गेलं आणि इंजिन जाम झालं, तर तो कारखान्यातला दोष नाही. वॉरंटी नाही म्हणजे नाही. माझ्या मामाच्या गाडीला हेच झालं होतं. नवी गाडी, वर्षही झालं नव्हतं, आणि वर्कशॉपने पहिल्याच दिवशी हात वर केले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसरी कुठलीही असती तरी उत्तर तेच मिळालं असतं. इथे कामाला येतो विमा, आणि तोही साधा नाही, "इंजिन प्रोटेक्ट" नावाची जोड घेतलेली असेल तर. गडचिरोली किंवा चंद्रपूरच्या ग्रामीण भागात गाडी चालवणाऱ्याने वाढीव वॉरंटीच्या आधी ही जोड विचारावी. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या. पुन्हा स्टार्ट मारल्यावर झालेलं नुकसान विमेवालाही नाकारू शकतो.

जनावरं. ताडोब्याच्या बफरमधून रात्री येताना रानडुक्कर आडवं आलं, तर ती धडक. विम्याचं काम, वॉरंटीचं नाही. घरासमोर उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडली, तेही वॉरंटीत नाही.

खड्डे. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्याने धावतात, तिथले लोक मला हसतील, पण खड्ड्यात आपटून वाकलेला रिम किंवा सस्पेन्शनचा भाग हा "बाहेरचा आघात" धरला जातो. मात्र कुठलाही आघात नसताना शॉकॲब्झॉर्बर गळायला लागला, तर तो वॉरंटीत मागता येतो. फरक दाखवायचा असेल तर पहिल्या आवाजालाच गाडी दाखवा. सहा महिने खडखड ऐकत बसलात तर खड्डा आणि दोष यातला फरक तुम्हालाही सांगता येणार नाही.

झिजणारे भाग. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचं रबर, बल्ब, फ्यूज, फिल्टर, ऑइल, कूलंट. हे झिजायलाच असतात, दोन्हीकडे नाही. टायरची आणि बहुतेक वेळा बॅटरीची वॉरंटी त्या त्या बनवणाऱ्या कंपनीची असते, त्याचं कार्ड वेगळं सांभाळा.

आणि शेवटचं, आपल्या तरुण मंडळींसाठी. वायरिंग. बाहेरून जास्त उजेडाचे दिवे, हॉर्न, मोठं म्युझिक सिस्टीम, त्यासाठी मूळ वायर कापून जोडलेली. जंगलच्या रस्त्याला जास्त उजेड लागतो, हे मी समजू शकतो. पण मूळ वायर कापली की इलेक्ट्रिकल भागांची वॉरंटी कंपनीच्या हातात आयती नाकारायला देता. लावायचंच असेल तर कंपनीची मान्य ॲक्सेसरी घ्या, अधिकृत ठिकाणी बसवा आणि बिल ठेवा. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटलाही हाच नियम लावून ठेवा.

बाहेरच्या मिस्त्रीकडे गेलं तर सगळंच संपतं का?

हा प्रश्न प्रत्येक भागाखाली येतो. पंचर काढलं, रस्त्यात बेल्ट बदलला, तर वॉरंटी गेली का?

२०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, त्यात मारुतीही होती. मुद्दा होता सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना न देण्याचा. त्या आदेशात एक गोष्ट आपल्या कामाची होती: ग्राहक बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी लावू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जे नुकसान झालं, तेवढंच नाकारता येईल. त्या आदेशावर पुढे अपिलं झाली, पण त्यातलं तत्त्व साधं आहे. स्टिअरिंगमध्ये दोष निघाला आणि तुम्ही बाहेर वायपर बदलला होता, तर एकाचा दुसऱ्याशी काय संबंध?

तरी माझा सल्ला सावध आहे. वॉरंटीच्या काळात ठरलेल्या सर्विसा अधिकृत ठिकाणीच करा. रस्त्यात अडचण आली, जिवती किंवा धानोऱ्याकडे गाडी बंद पडली आणि मिस्त्रीने चालू करून दिली, तर त्याच्याकडून काय केलं ते लिहिलेलं बिल घ्या, काढलेला जुना भाग सोबत ठेवा, फोटो काढा. वाद झालाच तर हाच पुरावा.

वर्कशॉप "नाही" म्हणालं तर

तोंडी "नाही" ऐकून घरी येऊ नका. दर वेळी जॉब कार्ड बनवा आणि त्यात तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" असं लिहू देऊ नका. "थंड इंजिनवर पहिल्या गिअरला झटका" असं लिहा. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, जॉब कार्डाचे फोटो जोडून. तक्रार वॉरंटी संपायच्या आत नोंदलेली असेल, तर दुरुस्ती नंतर झाली तरी तुमची बाजू भक्कम राहते.

तरी नाही ऐकलं तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे फुकट तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, आणि इथे आपल्यासाठी एक मोठी गोष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. गाडी नागपूरहून घेतली असली तरी गडचिरोलीचा माणूस गडचिरोलीच्या आयोगात जाऊ शकतो. नागपूरच्या खेपा त्या कंपनीच्या वकिलाने माराव्यात! ५० लाखांपर्यंतच्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगात चालते. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. मुदत मात्र दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. आणि पोट भरण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणाऱ्याला "तू व्यापारी आहेस, ग्राहक नाहीस" असं म्हणून हाकलता येत नाही. स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी वापरात धरलेली नाही.

तक्रार करताना डीलर आणि कंपनी, दोघांनाही पक्षकार करा. का, ते गोव्यातल्या एका खटल्यावरून कळेल. ग्राहकाला नवी म्हणून जुन्या वर्षाची, आधीच चाललेली गाडी दिली गेली. टाटा मोटर्स ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेली आणि २०२१ मध्ये कंपनीची जबाबदारी काढून टाकण्यात आली, कारण डीलरने केलेलं कंपनीला माहीत होतं हे सिद्ध झालं नाही. फक्त कंपनीकडे बोट दाखवून बसलेला माणूस अशा वेळी अडकतो. उलट, दोष खरोखर गाडीत असेल तर न्यायालय वॉरंटीच्या कागदापाशी थांबतंच असं नाही. अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत म्हणून झालेल्या खटल्यात, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाईविरुद्धचा, गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. म्हणजे साध्या बिघाडाला भाग बदलून मिळेल, पण जिवावर बेतणाऱ्या दोषाला कायदा जास्त देऊ शकतो.

आज रात्री करायचं काम

गाडी घ्यायची असेल त्यांच्यासाठी, पाच मिनिटांचं काम आहे. आत्ताची दुचाकी किंवा घरची गाडी महिन्याला किती चालते ते मीटरवरून काढा. नव्या नोकरीचा, नव्या गावाचा फरक त्यात घाला. ३,००० किलोमीटरच्या वर असेल तर किलोमीटर मोजा. १,००० च्या खाली असेल तर वर्षं मोजा. मधे असाल तर दोन्ही कंपन्या तुमच्यासाठी सारख्याच, मग जवळचं वर्कशॉप ज्याचं, ती घ्या.

गाडी आधीच दारात उभी असेल त्यांच्यासाठी त्याहून सोपं. ग्लोव्ह बॉक्स उघडा, ती जाड पुस्तिका काढा, "वॉरंटीत काय येत नाही" ते पान शोधा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. पाऊस सुरू व्हायच्या आत हे करा. आपल्याकडे नाले कोणाची वाट पाहत नाहीत.

तुमच्या गावापासून जवळचं अधिकृत वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे, कुठल्या कंपनीचं आहे आणि तिथला अनुभव कसा आहे, ते व्हॉइस नोटने पाठवा. एमएच-३३ आणि एमएच-३४, दोन्हीकडून ऐकायचंय. पुढच्या भागात आपण तुमच्याच माहितीवरून बोलू. तोपर्यंत सांभाळून चालवा, रात्री वेग कमी ठेवा. भेटू.